अव्वांची नाडी

"गप बसा की जरा, मोजू दे मला," मी म्हणाले, आणि घराच्या पुढच्या सोप्यातली पन्नास-साठ माणसं खरंच गप झाली.

अव्वा चटईवर आडव्या होत्या. अव्वा म्हणजे माझ्या सासूबाई, रत्नव्वा मगदूम. मी त्यांचं मनगट हातात घेतलं आणि दुसऱ्या हातातल्या घड्याळाकडं बघत बसले. आम्हा नर्सबायकांना अर्धं मिनिट मोजून दुप्पट करायची सवय असते. पण इतक्या माणसांसमोर अर्धवट काम कसं करायचं? मी पूर्ण मिनिटभर मोजलं.

"बेचाळीस."

दारात उपाध्ये अण्णा, आमच्या बस्तीतले, म्हणजे जैन मंदिरातले पुजारी, माइक धरून उभेच होते. "आज सकाळची नाडी, बेचाळीस!" बाहेर मांडवात जयजयकार झाला. माझ्या पाठीमागं बसलेली एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, "काल चव्वेचाळीस हुती. उतरतीय बघ. जीव कसा मोकळा व्हायला लागलाय."

तो पाचवा दिवस होता. अव्वांनी सल्लेखना घेतली होती. ज्यांना आमच्या जैनांतलं माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. देह आता निभावत नाही, आजाराला उपाय उरला नाही, असं झालं की माणूस गुरूंना विचारून अन्न कमी कमी करत नेतो, मग ताकावर येतो, मग नुसत्या पाण्यावर, आणि कुणावर राग न ठेवता नामस्मरण करत जातो. शंभरात एखाद्यालाच ते साधतं. माझा त्यावर तेव्हाही विश्वास होता, आजही आहे. म्हणून तर हे सांगायला मला सव्वीस वर्षं लागली.

तेव्हा मी तिशीतली होते. गावापासून दोन कोसांवर सरकारी आरोग्य केंद्र होतं, तिथं नर्स. तोंडानं फटकळ. आणि रत्नव्वा मगदूमची सून म्हटल्यावर फटकळ होण्यावाचून गत्यंतर नव्हतं, कारण ती बाई म्हणजे आग. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, दिवसातनं पाच वेळा चहा, आणि प्रत्येक वेळी "साखर किती घातलीस?" हा प्रश्न. दूधवाला आमच्या दारात यायच्या आधी टोपी सारखी करायचा. फक्त माझी पोरगी पद्दी, तिच्यापुढं मात्र अव्वा लोण्यासारख्या मऊ. पद्दीला खरचटलं तरी सगळ्या गल्लीला बोलणी बसायची.

त्या हिवाळ्यात अव्वा बदलत गेल्या. आधी चहा सुटला. मग एक दिवस किल्ल्यांचा जुडगा माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाल्या, "तूच बघ गं आता." मी चाट पडले. बोलणं कमी झालं, आवाज जड झाला, एकेक शब्द सावकाश यायला लागला. लोक म्हणाले, मौनाचा गुण. बसल्या बसल्या डोळे मिटायला लागले. लोक म्हणाले, ध्यान लागतंय. चैत्रात अंग भाजत असताना अंगावर शाल. लोक म्हणाले, देहाचं भान सुटलं. चेहरा भरल्यासारखा दिसायला लागला, तर उपाध्ये अण्णा म्हणाले, "तेज आलंय तोंडावर."

आणि मी? खरं सांगते, मला या नव्या अव्वा आवडायला लागल्या होत्या. सात वर्षांत पहिल्यांदा घरात मला कुणी साखर किती म्हणून विचारत नव्हतं.

चैत्रातच एका दुपारी मी परसात मिरच्यांचे देठ खुडत बसले होते. अव्वा आल्या, भिंतीला धरून खाली बसल्या आणि हात पुढं केला.

"त्रिशला, बघ गं जरा."

"काय होतंय अव्वा?"

"काय होतंय तेच कळंना. काही नकोच वाटतंय. भूक नाही, राग नाही. परवा पद्दी माझ्यासमोर पडली, गुडघा फुटला तिचा. मला उठावंसंसुद्धा वाटलं नाही गं." त्या थांबल्या. बोलताना दम लागल्यासारखं व्हायचं. "हे वैराग्य म्हणायचं, का मला काही झालंय? तू शिकलेली आहेस. बघून सांग."

मी मिरच्यांचे हात पदराला पुसले आणि नाडी मोजली. अठ्ठेचाळीस. पुन्हा मोजली. अठ्ठेचाळीसच. धडधाकट माणसाची सत्तरच्या आसपास असते. पण आदल्याच महिन्यात आम्हाला जिल्ह्याला शिकवणीला नेलं होतं, आणि तिथं एका डॉक्टरांनी सांगितलेलं माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं: रोज पळणाऱ्यांची आणि योग्यांची नाडी संथ असते. झालं! अर्ध्या हळकुंडानं पिवळी झाले मी.

"अव्वा," मी म्हणाले, "ही साध्या माणसाची नाडी नाही हो. मुनींची नाडी आहे. चाळीस वर्षं रोज ध्यानाला बसलात, ते वाया जाईल होय?"

"म्हणजे आजार नाही?"

"कसला आजार? ताप नाही, खोकला नाही, साखर नाही."

"नक्की?"

"अगदी नक्की."

त्यांनी हात काढून घेतला. थोडा वेळ मिरच्यांकडं बघत बसल्या. "मग ठीक आहे," म्हणाल्या आणि भिंतीला धरून उठल्या.

अक्षयतृतीयेला त्यांनी घोटभर उसाचा रस घेतला आणि दुसऱ्या दिवशी महाराजांपुढं सल्लेखनेची इच्छा सांगितली. महाराज तेव्हा आमच्या बस्तीत मुक्कामाला होते. वयस्कर मुनी, सीमेपलीकडचे, कानडी वळणाचं मराठी बोलायचे. त्यांनी लगेच हो म्हटलं नाही. माझ्या नवऱ्याला, श्रेणिकला, समोर बसवून विचारलं, "आईला आजार काय आहे काय? उपाय होण्यासारखा?"

श्रेणिक छाती पुढं काढून म्हणाला, "घरातच नर्स आहे, महाराज. तिनं तपासलंय. म्हणाली, नाडी मुनींसारखी झालीय."

मी चार हात लांब बायकांत बसले होते. महाराजांनी माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली.

व्रत घ्यायच्या दिवशी अव्वांनी रिवाजाप्रमाणं सगळ्यांची क्षमा मागितली. माझ्यासमोर आल्या, हात जोडले. "तुला लई बोलले. क्षमा कर. मीपण सगळं माफ केलं." मी ढसाढसा रडले. मांडवातल्या बायका म्हणाल्या, बघा, सासूवर माया असावी तर अशी.

सहाव्या दिवशी बुधवार होता, लसीकरणाचा वार. रजा मिळाली नाही, म्हणून मी दोन तासांसाठी केंद्रावर गेले. डॉक्टर हेर्लेकर नव्याच आल्या होत्या, पोरसवदा, पण कामाला वाघीण. त्यांच्यासमोर एक बाई बसली होती. बाहेर वैशाखाचं ऊन, आणि बाईच्या अंगावर घोंगडी. चेहरा सुजरा, भुवया कडेला विरळ. बोलली तर आवाज घोगरा, एकेक शब्द ओढत.

"सिस्टर, नाडी बघा," डॉक्टर म्हणाल्या.

मी बघितली. "सेहेचाळीस."

डॉक्टरांनी बाईला खुर्चीवर गुडघे टेकवायला लावले आणि टाचेच्या वरच्या शिरेवर छोटी हातोडी मारली. पाऊल झटकन हललं, पण परत खाली यायला वेळ लावला. सावकाश, अगदी सावकाश आलं.

"दिसलं? थायरॉइड. गळ्यातली ग्रंथी काम करेनाशी झाली की अख्खं शरीर मंदावतं. काळीज, आतडी, बोलणं, डोकं, सगळं. रक्त पाठवू तपासायला, पण मला शंका नाही. रोज एक गोळी. तीन महिन्यांत बाई भांडायला लागेल सगळ्यांशी."

"मॅडम," मी विचारलं, "यात माणसाला काही नकोसं होतं का? म्हणजे मायासुद्धा आटते का?"

"सगळंच आटतं. घरच्यांना वाटतं, स्वभाव शांत झाला."

"आणि असा माणूस जेवलाच नाही तर?"

"कोण जेवत नाही?"

"असंच विचारलं."

"मग फार दिवस नाहीत त्याच्याकडं," असं म्हणून त्या पुढच्या बाईकडं वळल्या.

त्याच वेळी मी सांगायला हवं होतं. तोंडानं फटकळ ना मी? पण तोंड उघडलं नाही. सायकल दामटत घरी आले. दुपारच्या वेळी मांडवात जरा सामसूम होती. अव्वा कुशीवर होत्या, डोळे मिटलेले. मी पायाशी बसले, पाय चेपल्यासारखं केलं, आणि तळव्याला आधार देऊन टाचेच्या वरच्या शिरेवर हाताची कड मारली.

पाऊल हललं आणि सावकाश, अगदी सावकाश परत आलं.

मी श्रेणिकला परसात बोलावून सगळं सांगितलं. त्याचं तोंड उतरलं. आधी म्हणाला, "खात्री आहे?" मी म्हटलं, "रक्त तपासल्याशिवाय कशी असेल? पण आहे." तो पायानं माती उकरत राहिला.

"बाहेर बघ जरा," शेवटी म्हणाला. "चार गावचे पाहुणे आलेत. महाराजांच्या आचार्यांचा आशीर्वाद आलाय. आता जाऊन म्हणू, आमच्या आईला वैराग्य नव्हतं, गळ्यातली ग्रंथी बिघडली होती? आणि आजार नाही हे कुणी सांगितलं होतं, त्रिशला? मी सांगितलं होतं का?"

बोलायला जागाच ठेवली नव्हती मी स्वतःला. वर मनात एक चोर बसला होता: समजा मीच चुकत असले तर? समजा बायका म्हणाल्या, हिला सासूचा मान बघवला नाही? त्या संध्याकाळी मी नाडी मोजली. "चाळीस." उपाध्ये अण्णांनी माइकवर सांगितलं. दुसरा अख्खा दिवस तसाच गेला. मी मोजत होते आणि ते सांगत होते.

आठव्या दिवशी सकाळी पद्दी सोप्यात आली. हातात गुळाचा खडा होता. कुणी अडवायच्या आत तिनं तो अव्वांच्या तळहातावर ठेवला आणि म्हणाली, "आज्जी, घे की." अव्वांनी डोळे उघडले. खड्याकडं बघितलं, पोरीकडं बघितलं. जणू दोन्ही कुठंतरी बघितल्यासारखं वाटतंय, पण आठवत नाही. मग मूठ मिटली. शेजारच्या बाईनं हळूच मूठ उघडून गूळ काढून घेतला आणि पद्दीला दटावून बाहेर नेलं.

मी मनगट हातात घेतलं. पूर्ण मिनिट मोजलं.

"किती?" उपाध्ये अण्णांनी विचारलं.

मी घड्याळावर पदर ओढून घेतला.

"नर्सबाई, किती?"

"सांगणार नाही," मी म्हणाले. अव्वांचा हात चटईवर ठेवला, उठले आणि माणसांतनं वाट काढत बाहेर पडले. पायांत चप्पल नव्हती हे बस्तीच्या पायरीवर आल्यावर कळलं.

महाराज पाटावर बसून पोथी वाचत होते. मी लांबूनच नमस्कार केला आणि एका दमात सगळं ओकले. परसातला प्रश्न, माझं उत्तर, ती घोंगडीतली बाई, टाचेची शीर. मी थांबल्यावर त्यांनी विचारलं, "उपाय आहे काय याला?"

"आहे महाराज. रोज एक गोळी."

"केव्हा कळलं तुला?"

"परवा."

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, आता मला बोलतील. बोलले असते तर बरं झालं असतं.

"उपाय आहे त्या रोगात हे व्रत देत नाहीत," ते म्हणाले. "तो नियम मला पाठ आहे. वैद्याला विचारायचं होतं, मी घरच्याला विचारलं. चूक माझी." मोरपिसांची पिंछी उचलली आणि उठले. "चल. गाडी बोलव."

डांबरी रस्ता तापून चरचरत होता. महाराज अनवाणी, वयानं पंच्याहत्तर, पण मला त्यांच्यामागं पळावं लागत होतं.

सोप्यात ते आले तशी माणसं उभी राहिली. महाराजांनी उपाध्ये अण्णांना माइक बंद करायला सांगितलं. मग अव्वांच्या जरा अलीकडं थांबले. "रत्नव्वा, ऐकू येतंय काय? तुला रोग आहे. औषध आहे त्याला. व्रत मी सोडवतो. पाप लागलं तर मला लागू दे. दवाखान्यात जा."

अव्वांनी डोळे उघडले. त्यांना किती कळलं देव जाणे. "बरं," एवढंच म्हणाल्या.

मग जो गलका झाला तो विचारू नका. कुणी महाराजांपुढं बोलायला धजलं नाही, पण माझ्या कानांवर येईल असं सगळे बोलले. "अवदसा आठवली." "नर्सबाईनं मोडलं." श्रेणिक खांबाला टेकून उभा होता. मी त्याला म्हटलं, "उचल." त्यानं आईला दोन्ही हातांवर उचललं. ओझं काहीच राहिलं नव्हतं. तेव्हा तो रडायला लागला.

गावातल्या मकबूलची ट्रॅक्स जीप होती. पुढं मकबूलशेजारी श्रेणिक बसला, मागच्या बाकावर मी, आणि अव्वांचं डोकं माझ्या मांडीवर. केंद्रावर डॉक्टर हेर्लेकरांनी उभ्या उभ्याच तपासलं, सलाइन लावलं, ऑक्सिजनची सोय नाही म्हणून चिठ्ठी दिली आणि शहरातल्या मोठ्या दवाखान्यात न्यायला सांगितलं. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "सिस्टर, त्या दिवशी तुम्ही यांच्याबद्दल विचारत होता?" मी हो म्हटलं. त्यांनी सलाइनची बाटली माझ्या हातात दिली.

गाव मागं पडलं. दोन्ही बाजूंना ऊस. मी एका हातानं बाटली वर धरली होती, दुसऱ्या हातात मनगट. सलाइननं असेल किंवा वाऱ्यानं, अव्वांना जरा जाग आली. डोळे माझ्या तोंडावर स्थिर झाले.

"तुला मी विचारलं होतं," त्या म्हणाल्या. आवाज घोगरा, पण शब्द स्वच्छ.

"हो अव्वा."

"तू नक्की म्हणालीस."

"हो."

पुढं श्रेणिकनं मान खाली घातली. मी म्हणाले, "अव्वा, मला क्षमा करा. मला माफ करा हो."

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, गेल्या. पण त्या विचार करत होत्या. त्यांना विचार करायलासुद्धा वेळ लागत होता.

"ते त्या दिवशीच झालं," म्हणाल्या. "सगळ्यांना केलं तेव्हा." मग बऱ्याच वेळानं, "गोळी घेतली की काय होईल?"

"सगळं पहिल्यासारखं होईल, अव्वा. तीन महिन्यांत."

"भूक लागेल?"

"लागेल."

"पद्दी आवडेल?"

"आवडेल अव्वा. चहापण आवडेल. मला बोलायलापण लागाल."

त्यांचे ओठ जरासे हलले. हसल्या असं म्हणायला मन धजत नाही, पण हलले. मग त्यांनी मान वळवून पुढच्या सीटकडं बघायचा प्रयत्न केला. सहा महिन्यांत त्यांनी कशाकडं तरी वळून बघायचा प्रयत्न केलेला मी पहिल्यांदा बघितला.

"मकबूलला सांग," म्हणाल्या. "बिगीबिगी चालव म्हणावं."

"मकबूलभाई, जोरात घ्या," मी ओरडले. त्यानं दात आवळून गाडी हाणली. खड्डे, उसाच्या बैलगाड्या, एसटी, सगळं मागं पडत गेलं. नदीवरचा पूल दिसायला लागला, तशी मी घड्याळ बघून मोजायला सुरुवात केली. तिथून दवाखाना फक्त दहा मिनिटांवर होता.

एकतीस ठोके मोजले. बत्तिसाव्याची वाट बघत राहिले. घड्याळाचा काटा फिरून परत आला, पूल संपला, जकात नाका गेला. मी मनगट सोडलं नाही, आणि मकबूलला काही सांगितलं नाही. त्यांनी पळव म्हटलं होतं, तो पळवत राहिला.